आधी डॉक्टर, मग भाजणी

परदेशी निघालेल्या मराठी माणसाची तयारी पोटापासून सुरू होते आणि पोटापाशीच संपते. तिकिटं हातात पडली रे पडली की पहिला निरोप गिरणीवाल्याला जातो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तीन प्रकारच्या चटण्या आणि 'तिकडे तसं मिळत नाही हो' म्हणून घेतलेलं कैरीचं लोणचं. (ते तिकडे मिळतं. न्यू जर्सीत जे मिळत नाही ते हल्ली दादरलाही मिळत नाही.) मग लोकरीचे कपडे. मग बॅगांचं वजन. हा तर घरातला एक स्वतंत्र सोहळाच असतो. कर्ता पुरुष वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहतो, मग बॅग कवटाळून उभा राहतो, आणि बायको पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी करते. त्यानंतर परकीय चलन, शेजाऱ्यांकडे किल्ली, कुंड्यांना पाणी. हे सगळं यथासांग पार पडल्यावर, विमान रात्री दीडचं असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास, कुणाला तरी आठवतं, "अगं बाई, डॉक्टरांकडे जाऊन यायचं राहिलंच की!"

माझं भांडण या 'राहिलंच की'शी आहे.

कारण सात वाजता दवाखान्यात जे घडतं त्याला वैद्यकीय सल्ला म्हणायचं तर आमच्या बँकेच्या दारातल्या 'सुप्रभात'ला ग्राहकसेवा म्हणावं लागेल. पुढे अकरा पेशंट, त्यातली चार लहान मुलं, चारीही रडणारी. आपला नंबर येतो. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?"

"काही होत नाही, डॉक्टर. आज रात्री युरोपला निघतोय. जरा गोळ्या लिहून द्या."

"कसल्या?"

"सगळ्याच असू द्यात. तापाच्या, जुलाबाच्या, उलटीच्या. आणि अँटिबायोटिकचा एखादा कोर्स. लागला तर लागला."

डॉक्टर मान वर न करता लिहितात. शेवटी, "आणि तो टूरवाल्यांचा फॉर्म होता, त्यावर फिट टू ट्रॅव्हल म्हणून..." असं आपण चाचरत म्हणतो. त्यावरही सही होते, शिक्का पडतो. बीपी पाहिलं तर पाहिलं, नाहीतर "मागच्या वेळी ठीक होतं ना?" एवढ्यावर भागतं. ते मागच्या वेळी दिवाळीत पाहिलेलं असतं आणि आता मे महिना चालू असतो.

माणसाकडे न बघता कागदावर सही कशी करावी हे मला कुणी शिकवायला नको. बँकेत उमेदवारीतच ते अंगवळणी पडतं. पण आमच्याकडे कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'कशासाठी हवंय?' एवढं तरी विचारतात. इथे कुणी विचारत नाही की बाबा, कुठे चाललास? किती दिवस? तिथे जाऊन करणार काय? आणि सध्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? 'युरोप' हे काय उत्तर झालं? युरोप म्हणजे लंडनच्या रस्त्यावर बसमधून मान बाहेर काढणंही असतं आणि युरोप म्हणजे युंगफ्राऊही असतं. आपल्याकडची कुठलीही सहल तिथे गेल्याशिवाय युरोपहून परतत नाही. त्या डोंगरातल्या रेल्वेचं वरचं स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! कळसूबाईला निघालेल्या सत्तरीच्या गृहस्थाला अख्खी आळी अडवील. 'अण्णा, मागच्या वर्षीच अँजिओप्लास्टी झालीय तुमची,' म्हणून सून दारात आडवी उभी राहील. पण तेच अण्णा आगगाडीत बसून त्याच्या दुप्पट उंचीवर जातात, वर बर्फात धावत सुटतात, बायकोवर बर्फाचे गोळे फेकतात आणि मग 'जरा दम लागला बुवा' म्हणून चॉकलेट खातात. विरळ हवेत हृदयाला जास्त काम पडतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. 'युरोपात नेमकं कुठे?' एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं.

याच्या मुळाशी आपली एक ठाम समजूत आहे. ती अशी की, रोग असतात ते इथे. परदेशात सगळं स्वच्छ. परदेशातून इकडे येणाऱ्याने टोचून घ्यावं, बाटलीतलं पाणी प्यावं, भेळ टाळावी. आपण तिकडे जाताना कसली आलीय काळजी? माझे थोरले मेहुणे याच मताचे. केनियाला सिंह बघायला निघाले तेव्हा मी मलेरियाच्या गोळ्यांचा विषय काढला. ते म्हणाले, "अरे, गेली तीस वर्षं कोर्टासमोरच्या उघड्या गटारावर राहतोय. डास मला चावून कंटाळलेत!"

डासांना कंटाळा येत नाही. आणि आपल्या गटारावरच्या डासांशी असलेली जुनी ओळख मसाईमाराच्या डासांपाशी चालत नाही. आफ्रिकेत मलेरियाची जी जात मुख्यतः आढळते ती मेंदूवर जाणारी, दोन-चार दिवसांत माणसाला आडवं करणारी आहे. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही घ्याव्या लागतात. कुठली गोळी, किती दिवस, हे माणूस पाहून ठरवावं लागतं. हे काम निघायच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता होत नाही.

केनियाला जाताना पिवळ्या तापाची लस मात्र सगळे घेतात. मेहुण्यांनीही घेतली. का? तर दाखल्याशिवाय परत येताना विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात म्हणून. दंडुका दिसला की आपण शहाणे होतो. पण तिथेही गंमत आहेच. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. हे दहा दिवस ज्यांना आठव्या दिवशी कळतात त्यांचे चेहरे प्रेक्षणीय असतात. २०१६ सालापासून हा दाखला आयुष्यभर चालतो. म्हणजे एकदा टोचून घेतलं की पुन्हा कटकट नाही. मात्र साठी उलटलेल्यांनी ही लस डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यायची असते, कारण म्हाताऱ्या अंगाला क्वचित ती बाधते. मेहुणे चौसष्टचे. त्यांना हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्यांनी विचारलं होतं? त्यांनी एवढंच विचारलं होतं की, शिक्का कुठे मारणार.

आणि सरकार हा दाखला आपल्या काळजीपोटी मागत नाही, हेही एकदा लक्षात घ्यावं. आपल्या देशात पिवळा ताप नाही. पण तो पसरवणारा डास, तोच तो डेंग्यूवाला, घरोघरच्या कुंड्यांच्या बशांत सुखाने नांदतो आहे. तेव्हा सरकारला धास्ती आहे ती आपण येताना काय घेऊन येऊ याची.

या बाबतीत जगाने आपल्यालाही सोडलेलं नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि मुंबईहून सुटलेली बोट साऱ्या जगाच्या बंदरांना नकोशी झाली. मुंबईच्या प्लेगपासून बचाव कसा करावा यासाठी १८९७ साली व्हेनिसला देशोदेशीच्या सरकारांची परिषद बसली होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन साहेबाने प्लेगची लस तयार करून पहिली स्वतःला टोचून घेतली. ज्याच्या नावाची संस्था परळला उभी आहे तोच हा हाफकिन. ओडेसाचा माणूस इथे येऊन स्वतःच्या दंडात सुई खुपसतो आणि आम्ही परळहून बसने जाताना ती इमारत बघत म्हणतो, "इंजेक्शन बिंजेक्शन कशाला, जरा हळद घ्या दुधातून." २०२१ साली करोनाच्या लशीचा दाखला मोबाइलमध्ये घेऊन अख्खं जग फिरलं. वाटलं, आता तरी लोकांना सवय लागेल. दोन वर्षांत सगळे विसरले. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना मेंदुज्वराची लस घेऊन दाखला दाखवावाच लागतो. लाखो माणसं मुकाट्याने घेतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. आम्हाला 'घ्या' म्हणणारा टूरवाला नाही, 'घेतलीत का?' म्हणणारा डॉक्टर नाही, आणि आम्ही स्वतः तर भाजणी दळून आणण्यात गुंतलेले.

आता औषधांच्या डब्याकडे वळू. हा डबा स्टीलचा असतो, पूर्वी त्यात बेसनाचे लाडू असत. त्यात घरातल्या यच्चयावत गोळ्या भरलेल्या असतात. जागा वाचावी म्हणून पाकिटं कात्रीने कापलेली. कापताना नेहमी एकच तुकडा फेकला जातो: ज्यावर नाव आणि मुदत छापलेली असते तो. उरलेल्या गोळ्या रंगावरून ओळखायच्या. "गुलाबी बीपीची, पांढरी शुगरची, अर्धी पांढरी झोपेची." परक्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे हे वर्गीकरण मांडून बघावं! गोळ्या मूळ पाकिटात हव्यात, सोबत चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीवर कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव हवं. आपली क्रोसिन बोस्टनच्या दुकानदाराला कळत नाही. आपण फार हुशारी करून 'पॅरासिटामॉल' म्हणालो तरी अमेरिकेत त्याला 'अॅसिटामिनोफेन' म्हणतात. काही औषधं तर तिकडे औषधंच नाहीत. अंगदुखीवर आपल्याकडे फुटाण्यासारखी खाल्लेली निमेसुलाइड अमेरिकेने कधी बाजारात येऊच दिली नाही. दुबईकडे निघालेल्यांनी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं परवानगीशिवाय नेली तर खोकला आणि वेदना दोन्ही तुरुंगात भोगाव्या लागतील. (तिथे खसखससुद्धा बंद आहे. तेव्हा दिवाळीत मुलाकडे अनारसे नेणाऱ्या मातांनी सावध असावं. 'आईच्या हातचे' हा बचाव तिकडचं कोर्ट मानत नाही.)

मधुमेहवाल्यांचं आणखी निराळं. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकून देतात. विमानाच्या पोटात ते गोठून फुकट जाऊ शकतं. ते हातातल्या पिशवीत हवं. शिवाय अमेरिकेला जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो. घड्याळ मागे-पुढे करून झालं, पण रात्रीचं इन्सुलिन कुठल्या रात्री घ्यायचं? मुंबईच्या की शिकागोच्या? हे डॉक्टरांनी कागदावर तास मांडून सांगायचं असतं. विमानात शेजारी बसलेल्या हार्डवेअर इंजिनिअरला विचारायचं नसतं.

विमा. हा माझ्या पोटतिडकीचा विषय आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाला तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तेव्हा तो काढला जातोच. काढतो एजंट. फॉर्मवर एक रकाना असतो, 'पूर्वीपासूनचे आजार'. एजंट म्हणतो, "काका, तिथे 'नाही' लिहा. उगाच प्रीमियम वाढतो." काका पंधरा वर्षं सकाळ-संध्याकाळ बीपीची गोळी घेत असतात, पण बीपी हा काही आजार नव्हे, तो स्वभाव आहे, अशी त्यांची समजूत. 'नाही' लिहून मोकळे होतात.

आमच्या शाखेत येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी असंच 'नाही' लिहिलं होतं. सहलीत परमुलखात छातीत कळ आली. तिथल्या रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "बीपी आहे का?" 'डॉक्टर आणि वकिलापासून काही लपवू नये' हा संस्कार त्यांना नेमका तिथे आठवला. "हो, पंधरा वर्षं." ते केसपेपरवर उतरलं. कंपनीने एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात केसपेपर धरला आणि दावा फेटाळला. माणूस वाचला, देवाची कृपा. पण परत आल्यावर मुलाने भरलेले पैसे फेडायला ते माझ्या काउंटरवर तीन मुदत ठेवी मोडायला आले. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर कमी व्याज बसतं. तो कापायचा हिशेब मी केला. तिसरी पावती नातीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली होती. पावतीच्या मागे सही करताना त्यांचा हात थरथरत होता आणि सही जुळत नव्हती. नियमाप्रमाणे मी पुन्हा करायला सांगायला हवी होती. नाही सांगितली.

त्या गृहस्थांनी निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टर गाठले असते आणि डॉक्टरांनी 'बीपी आहे, शुगर आहे, हा विमा काढताना खरं लिहा, प्रीमियम चार पैसे जास्त पडेल' असं एक वाक्य बोलले असते, तर त्या तीन पावत्या आजही आमच्या तिजोरीत असत्या. एजंटाला मी दोष देतो, पण अर्धाच. त्याचं पोट त्या 'नाही'वर आहे. डॉक्टरांचं नाही.

सगळ्यांत मोठी फौज मात्र सहलीला जात नाही, बाळंतपणाला जाते. मुलगी किंवा सून तिकडे, दिवस भरत आलेले, आणि इकडून आजी-आजोबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, बाळगुटीच्या मुळ्या, मऊ दुपट्यांचा गठ्ठा. अशाच एका मावशींना त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं, "आई, इथल्या बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही दोघांनी डांग्या खोकल्याचं इंजेक्शन घेऊनच या. निदान दोन आठवडे आधी."

मावशी आठ दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. "म्हणजे माझ्यापासून माझ्या नातवाला रोग होणार? मी चार पोरं वाढवली, दिरांची तीन वाढवली!"

मावशींचा राग मला कळतो. पण मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो नुसता बरेच दिवस रेंगाळणारा खोकला वाटतो. दीड-दोन महिन्यांच्या बाळाला मात्र तो जीवघेणा होऊ शकतो, कारण त्या बाळाला स्वतःची लस मिळून तिचा जोर यायला अजून अवकाश असतो. लहानपणी घेतलेल्या लशीचा जोर साठीपर्यंत टिकत नाही. त्यात थंडीचे दिवस असतील तर फ्लूची लसही आधी दोन आठवडे घेतलेली बरी. मावशींना हे लेकीने सांगून पटणार नव्हतं. लेक ती लेकच, तिला कालपर्यंत आपण वेणी घालत होतो. हे सांगायला त्यांचे इथले डॉक्टर हवे होते, ज्यांच्या शब्दावर त्यांनी तीस वर्षं साबुदाणा वर्ज्य केला आहे. आणि ते डॉक्टर म्हणाले, "घ्यायचं तर घ्या, नाही घेतलं तरी चालतं." हे 'चालतं' ऐकून मला मावशींपेक्षा जास्त राग आला. कुणाला चालतं? बाळाला विचारलंत?

यावर लोक म्हणतात, "अहो, इतकी माणसं जाऊन आली, कुणाला काय झालं?" खरं आहे. आमच्या शाखेवर आजवर दरोडा पडलेला नाही. म्हणून आम्ही तिजोरीची किल्ली पानवाल्याकडे ठेवत नाही. खर्चाचं म्हणाल तर ज्या घरात परदेशवारीसाठी तीन नव्या चाकांच्या बॅगा येतात त्या घराने एका डॉक्टरच्या फीची घासाघीस करू नये. जाता जाता दातांच्या डॉक्टरांकडेही डोकावून यावं. परदेशातली दाढ काढण्याचं बिल पाहून दाढ दुखायची थांबते असं ऐकतो, पण हा उपाय महाग आहे.

डॉक्टरमंडळींचीही एक अडचण मी ऐकली आहे. "आम्हाला प्रत्येक देशाचे नियम कुठे पाठ असतात?" मान्य. मलाही बँकेची सगळी परिपत्रकं पाठ नाहीत. मी ग्राहकाला सांगतो, 'थांबा, बघून सांगतो', किंवा 'चार नंबरच्या खिडकीवर जा'. डॉक्टरांनीही म्हणावं, 'हे मला ठाऊक नाही, अमुक केंद्रावर जा.' त्याने पत जात नाही. 'असू द्या, काही होत नाही' म्हटल्याने जाते. आणि पेशंटने चार ते सहा आठवडे आधी जावं, सकाळच्या वेळी, रिकाम्या हाताने नव्हे तर तिकिटाची प्रत, गोळ्यांची खरी पाकिटं आणि जुने रिपोर्ट घेऊन. लशी एका दिवसात लागू होत नाहीत. काही दोन-दोन डोसांच्या असतात. अमेरिकेत शिकायला निघालेल्या पोरांना हे विचारा. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड घर बदलताना हरवलेलं, म्हणून गोवराची लस २८ दिवसांच्या अंतराने पुन्हा दोनदा टोचून घेताना त्यांनी आईबापांना काय म्हटलं ते ऐका.

परत आल्यावर तरी जावं की नाही? पण तिथेही तेच. मेहुणे केनियाहून आले. तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरला. "विमानातला एसी बाधला," म्हणून त्यांनी स्वतःच निदान केलं आणि चार दिवस काढा प्यायले. पाचव्या दिवशी बहिणीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. व्हायरल म्हणून गोळ्या मिळाल्या. सातव्या दिवशी मला कळलं तेव्हा मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की, हे गृहस्थ तीन आठवड्यांपूर्वी आफ्रिकेत होते. डॉक्टर क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "ताबडतोब रक्त तपासायला पाठवा."

तोवर मेहुण्यांनी सिंहाचे एकशे चाळीस फोटो सोसायटीतल्या बावीस बिऱ्हाडांना, इस्त्रीवाल्याला आणि लिफ्टच्या मेकॅनिकला दाखवून झाले होते.